जहाजाच्या पोटावरच्या रेघा: नव्या कॅडेटसाठी लोड लाइन वाचायची कशी

जहाजावरचा माझा दुसरा आठवडा. पूर्व किनाऱ्यावरचं नदीकाठचं एक बंदर, ऐन पावसाळा, कोळशाचं लोडिंग संपत आलेलं. चीफ ऑफिसरांनी हातात वॉकीटॉकी दिला आणि मला धक्क्यावर पिटाळलं. "मध्यावरची खूण बघ आणि सांग." मी धक्क्याच्या कडेला पालथा पडून वाकून बघितलं आणि पोटात गोळाच आला. एस लिहिलेली रेघ पाण्याखाली होती.

"सर, ओव्हरलोड झालंय! एस बुडालीय!"

पलीकडे दोन क्षण शांतता. मग आवाज आला, "बादली नेलीस का?"

रेघेचा आणि बादलीचा संबंध काय, हे विचारायची तेव्हा हिंमत नव्हती. लोड लाइन म्हणजे जहाज जास्तीत जास्त किती बुडू द्यायचं ते दाखवणाऱ्या खुणा. पुस्तकातलं त्यांचं चित्र मी दहा वेळा काढलं होतं, मापांसकट. पण चित्र काढता येणं वेगळं आणि हलत्या पाण्यात ती रेघ वाचणं वेगळं. प्री-सी ट्रेनिंग संपवून पहिल्या जहाजावर निघालेल्या पोरांसाठी हे लिहितोय. माझ्या कामाला चार महिने उशिरा आलेलं ज्ञान तुमच्या कामाला वेळेवर यावं, एवढाच हेतू.

हाताशी काय हवं

कागदपत्रांत सर्वात आधी इंटरनॅशनल लोड लाइन सर्टिफिकेट. ते कॅप्टनच्या केबिनमधल्या फाइलीत असतं, प्रत मागून घ्या. त्याशिवाय स्टॅबिलिटी बुकलेट, हायड्रोस्टॅटिक टेबल आणि लोड लाइन झोनचा नकाशा. सामानात हायड्रोमीटर (पाण्याची घनता मोजायचं उपकरण), दोरी बांधलेली बादली किंवा सॅम्पल घ्यायचा कॅन, उंच पारदर्शक नळकांडं, टॉर्च, मोजपट्टी, वही आणि पेन्सिल. पेन्सिलच. पावसात पेनाची शाई कशी पसरते ते एकदा बघाल आणि पुन्हा पेन नेणार नाही. शिडीवर उतरणार असाल तर लाइफजॅकेट घालून, वर एक माणूस उभा करून, आणि आधी ब्रिजला सांगून.

1. आधी डेक लाइन शोधा

सगळे थेट वर्तुळाकडे बघतात. तुम्ही त्याच्या वर बघा. फ्रीबोर्ड डेकच्या (बहुधा सर्वात वरच्या अखंड डेकच्या) पातळीवर 300 मिलिमीटर लांब आणि 25 मिलिमीटर रुंद अशी एकच आडवी रेघ असते, ती डेक लाइन. सगळं मोजमाप तिथून खाली येतं. डेक लाइनपासून पाण्यापर्यंत उरलेली कोरडी उंची म्हणजे फ्रीबोर्ड. जहाज किती टन माल घेतं हे या खुणा सांगत नाहीत. जहाजाचं किती अंग पाण्याबाहेर राहिलंच पाहिजे, ते सांगतात.

आणि पहिला सापळा इथेच आहे. रेघ 25 मिलिमीटर जाड असते, मग मोजायचं कुठून? नेहमी वरच्या कडेपासून. डेक लाइनची वरची कड, लोड लाइनचीही वरची कड. मधोमध धरून मोजलंत तर सव्वा सेंटीमीटरची चूक झालीच. मोठ्या बल्क कॅरिअरवर तेवढ्यात साठ-सत्तर टन माल बसतो. शिवाय ड्रायडॉकमधले रंगारी हात सैल सोडून रंगवतात, रेघ फुगते. रंगाखाली वेल्डिंगने उठवलेली किंवा कोरलेली कायमची खूण असते. तीच खरी.

2. वर्तुळ आणि त्याच्या बाजूची दोन अक्षरं

जहाजाच्या लांबीच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना, 300 मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ असतं आणि त्याला आरपार छेदणारी 450 मिलिमीटरची आडवी रेघ. या रेघेची वरची कड वर्तुळाच्या केंद्रातून जाते. डेक लाइनपासून या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे सर्टिफिकेटवर लिहिलेला समर फ्रीबोर्ड. जहाजावर चढल्यावर पहिल्या शांत दिवशी हे अंतर सर्टिफिकेटशी ताडून बघा. कोणी सांगेपर्यंत थांबू नका.

बाजूची दोन अक्षरं फ्रीबोर्ड कोणी ठरवून दिला ते सांगतात. एल आर म्हणजे लॉइड्स रजिस्टर, बी व्ही म्हणजे ब्युरो व्हेरिटास, एन के म्हणजे जपानची निप्पॉन काईजी क्योकाई, आणि आय आर म्हणजे आपलं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग. याचं मुख्यालय मुंबईतच आहे, पवईला. ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हमखास विचारतात.

या वर्तुळाला प्लिमसोल मार्क का म्हणतात, तेही विचारतात. सॅम्युअल प्लिमसोल हा इंग्लंडमधल्या डर्बीचा खासदार. जुनाट जहाजं ठासून भरायची, भरपूर विमा उतरवायचा आणि बुडाली तर बुडाली, असा धंदा तिथले काही मालक करत. त्या जहाजांना शवपेट्याच म्हणत. 1875 मध्ये सरकारने विधेयक बाजूला ठेवलं तेव्हा हा माणूस भर सभागृहात मुठी आवळून ओरडला. पुढच्याच वर्षी, 1876 मध्ये, कायदा आला. पण गंमत बघा, रेघ काढणं सक्तीचं झालं, कुठे काढायची ते मात्र मालकावरच सोडलं. एका कप्तानाने ती म्हणे धुराड्यावर रंगवली होती. रेघेची जागा कायद्याने ठरायला 1890 उजाडलं. सर्व देशांचा पहिला करार 1930 चा. आज आपण वापरतो तो 1966 चा करार आणि त्यावरचा 1988 चा प्रोटोकॉल.

3. शिडी वाचा

वर्तुळाच्या केंद्रापासून 540 मिलिमीटर पुढे, म्हणजे नाळेच्या दिशेला, एक उभी रेघ असते. तिला शिडीच्या पायऱ्यांसारख्या 230 मिलिमीटरच्या आडव्या रेघा जोडलेल्या असतात. वरून खाली अशा:

टीएफ: उष्ण कटिबंध, गोडं पाणी
एफ: गोडं पाणी
टी: उष्ण कटिबंध
एस: उन्हाळा, म्हणजे वर्तुळातल्या रेघेच्याच उंचीवर
डब्ल्यू: हिवाळा
डब्ल्यूएनए: उत्तर अटलांटिकचा हिवाळा

डब्ल्यूएनए फक्त 100 मीटर किंवा त्याहून कमी लांबीच्या जहाजांना असते, डब्ल्यूच्या 50 मिलिमीटर खाली. मोठ्या जहाजावर ती दिसली नाही म्हणून कोणी खोडली असं समजू नका. मी तसं समजून बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, विचारलं होतं, तो अजून हसत असेल.

गोड्या पाण्याच्या दोन रेघा उभ्या रेघेच्या मागच्या बाजूला, म्हणजे वर्तुळाकडे वळलेल्या असतात. खाऱ्या पाण्याच्या रेघा पुढे. पुस्तकातलं चित्र बहुधा स्टारबोर्ड बाजूचं, म्हणजे नाळेकडे तोंड केल्यावर उजव्या बाजूचं, असतं. धक्क्यावरून स्टारबोर्डकडे तोंड करून उभे राहिलात तर नाळ उजव्या हाताला येते, शिडीही वर्तुळाच्या उजवीकडे. पोर्ट म्हणजे डाव्या बाजूला सगळं उलटं. ज्यांनी चित्र नुसतं पाठ केलेलं असतं, ते पोर्ट बाजूला जाऊन एफला टी म्हणतात.

दोन रेघांमधलं अंतर पाठ करायला सोपं आहे. एस रेघेपर्यंत जहाज पाण्यात जितकं खोल बसतं तो समर ड्राफ्ट. त्याचा 48 वा भाग वर चढलं की टी, तेवढंच खाली उतरलं की डब्ल्यू. समर ड्राफ्ट 12.80 मीटर असेल तर 12800 भागिले 48, म्हणजे सुमारे 267 मिलिमीटर.

लाकूड नेणाऱ्या जहाजांवर वर्तुळाच्या मागच्या बाजूला आणखी एक शिडी असते, प्रत्येक अक्षराआधी एल लावलेली. डेकवर नियमाप्रमाणे लाकूड रचून बांधलेलं असेल तरच ती लागू. गाठ पडेल तेव्हा बघा.

4. महिना कुठला, समुद्र कुठला

आता खरा प्रश्न. एवढ्या रेघांतली आपली कुठली? करारात जगाचे समुद्र पट्ट्यांत वाटलेले आहेत आणि वाटणी तापमानावर नाही, वाऱ्यावर आहे. बोफर्ट मापावर आठ फोर्स किंवा त्याहून जोराचा वारा 10 टक्क्यांपेक्षा जास्त वेळा वाहत नाही तो समर. 1 टक्क्यापेक्षा जास्त वेळा वाहत नाही, आणि चक्रीवादळंही क्वचितच येतात, तो ट्रॉपिकल. "इथे तर घाम फुटलाय, मग टी कशी नाही?" हा प्रश्न विचारू नका.

आपला अरबी समुद्र घ्या. भारताचा सगळा पश्चिम किनारा 24 अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेला येतो आणि या भागाचं वेळापत्रक असं: 1 डिसेंबर ते 20 मे ट्रॉपिकल, 21 मे ते 15 सप्टेंबर समर, 16 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर पुन्हा ट्रॉपिकल आणि 16 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबर पुन्हा समर. कोकणातल्या माणसाला हे तारखांशिवायही कळतं. पाऊस तोंडावर आला की होड्या वर ओढायच्या, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळाची भीती असतेच. करार करणाऱ्यांनी तेच आकड्यांत बसवलंय. बंगालच्या उपसागराचं साधं आहे: 1 डिसेंबर ते 30 एप्रिल ट्रॉपिकल, बाकी समर.

मंगळुरूजवळ 13 अंशांच्या दक्षिणेला गेलात की बारमाही ट्रॉपिकल पट्टा लागतो.

बंदर दोन पट्ट्यांच्या सीमेवरच असेल तर जहाज ज्या पट्ट्यातून आलं किंवा ज्या पट्ट्यात निघालं, त्यातलंच ते बंदर धरतात.

5. बादली आणि हायड्रोमीटर

माझ्या फजितीचं उत्तर इथे आहे. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025 धरतात, गोड्या पाण्याची 1.000. हलक्या पाण्यात जहाज जास्त खोल बसतं. नदीकाठच्या बंदरात, त्यातून पावसाळ्यात, पाणी ना धड खारं ना धड गोडं. तिथे रेघ बुडलेली दिसली तरी बाहेर समुद्रात गेल्यावर जहाज वर उचलतं. किती उचलेल, ते काढता येतं.

फ्रेश वॉटर अलाउन्स मिलिमीटरमध्ये = समर डिस्प्लेसमेंट भागिले (4 गुणिले टीपीसी). डिस्प्लेसमेंट म्हणजे मालासकट जहाजाचं एकूण वजन, टीपीसी म्हणजे जहाज एक सेंटीमीटर खाली बसायला लागणारे टन. त्या जहाजाचे गोळाबेरीज आकडे असे होते: डिस्प्लेसमेंट 65000 टन, टीपीसी 57. म्हणजे अलाउन्स 285 मिलिमीटर.

मधल्या पाण्यासाठी डॉक वॉटर अलाउन्स. 1025 मधून पाण्याची घनता वजा करा, 25 ने भागा आणि वरच्या आकड्याने गुणा. त्या दिवशी घनता निघाली 1.010. म्हणून 15 भागिले 25 गुणिले 285, बरोबर 171 मिलिमीटर. एस रेघ बुडालेली होती 12 सेंटीमीटर. म्हणजे मी ओव्हरलोड म्हणून ओरडत होतो तेव्हा अजून 5 सेंटीमीटर, जवळजवळ 280 टन कोळसा घ्यायला जागा होती.

पण घनता 1.010 ही दुसऱ्या खेपेला मिळाली. पहिल्या खेपेला मी बादली सोडली ती नेमकी इंजिनचं थंड करायचं पाणी जिथून बाहेर पडतं त्याच्याखाली. कोमट बादली वर आली तरी मला संशय आला नाही. चीफनी त्यात बोट बुडवलं, पाणी ओतून टाकलं आणि पुन्हा पाठवलं. म्हणून ही काळजी घ्या: जहाजाच्या कुठल्याही आउटलेटपासून लांब, धक्क्याच्या विरुद्ध बाजूला, पुढे, मध्ये, मागे, आणि एकाच खोलीवरून नाही. गोडं पाणी वर तरंगतं, त्यामुळे नुसती वरची बादली घनता कमी दाखवते. सॅम्पल घेतल्याबरोबर वाचा, हायड्रोमीटर नळकांड्याला टेकू देऊ नका, डोळा पाण्याच्या पातळीवर आणा. काच स्वच्छ हवी. बोटांचं तेल लागलं तरी आकडा हलतो.

घनता भरती-ओहोटीबरोबर बदलते. सकाळचा आकडा संध्याकाळी वापरायचा नाही.

6. ड्राफ्ट सहा ठिकाणी वाचा

लोड लाइन आणि ड्राफ्ट मार्क या दोन वेगळ्या गोष्टी. ड्राफ्टचे आकडे नाळेला, मध्यावर आणि पाठीमागे, दोन्ही बाजूंना लिहिलेले असतात. मेट्रिक आकडा 10 सेंटीमीटर उंच आणि मधली मोकळी जागाही 10 सेंटीमीटर. आकड्याची खालची कड म्हणजे तो ड्राफ्ट. 12.8 च्या 8 चा पाय पाण्याला टेकला तर 12.80, डोकं टेकलं तर 12.90. लोड लाइनची वरची कड आणि ड्राफ्टची खालची, ही गल्लत पहिल्या महिन्यात प्रत्येकाची होते.

लाट असेल तर एका नजरेत वाचू नका. पाणी सर्वात वर आणि सर्वात खाली कुठे जातं ते आठ-दहा लाटा बघत राहा, मग मधला आकडा घ्या. वरून वाकून बघितलं तर चुकतं, जमेल तेवढं पाण्याजवळ जा.

आता जरा अवघड भाग. जहाज लांबीत वाकतं. मधल्या होल्डमध्ये भार जास्त पडला की पोट खाली येतं, त्याला सॅगिंग म्हणतात. दोन्ही टोकं खाली आणि मध्य वर, ते हॉगिंग. समजा पुढे 12.70, मागे 12.90. सरासरी 12.80, कागदावर सगळं ठीक. पण मध्यावर पोर्टला 12.86 आणि स्टारबोर्डला 12.90, म्हणजे सरासरी 12.88. जहाज 8 सेंटीमीटर सॅग झालंय. लोड लाइन मध्यावर असते, त्यामुळे तपासणीला आलेल्या माणसाला ती 8 सेंटीमीटर बुडालेली दिसते. तुमची टोकांची सरासरी तो ऐकून घेणार नाही. मालाचा हिशेब करताना वापरायचं सूत्र वेगळं: पुढचा अधिक मागचा अधिक मधल्याची सहापट, भागिले 8. इथे ते 12.86 येतं.

वरच्या उदाहरणात स्टारबोर्डला 4 सेंटीमीटर जास्त आहेत, ते जहाज कललंय म्हणून. सुटण्याआधी सरळ करा. एका बाजूची रेघ बुडालेली ठेवून बंदर सोडायचं नाही.

7. पुढच्या वाटेचा हिशेब

नवा माणूस लोडिंगच्या बंदरातली रेघ बघून थांबतो. कायदा म्हणतो, निघताना, वाटेत आणि पोचताना, कुठेही लागू असलेली रेघ बुडता कामा नये.

मुरगावहून चीनला जाणारं लोहखनिजाचं जहाज घ्या. 25 एप्रिलला निघालं. मुरगावला ट्रॉपिकल, श्रीलंकेच्या खालून मलाक्कापर्यंत बारमाही ट्रॉपिकल. टीपर्यंत भरायला हरकत काय? हरकत सिंगापूरच्या पुढे आहे. दक्षिण चीन समुद्राचा 10 अंशांच्या उत्तरेचा भाग फक्त 21 जानेवारी ते 30 एप्रिल ट्रॉपिकल असतो. आपलं जहाज तिथे पोचेल मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा तिथे एस लागू.

वाटेत तेल आणि पाणी जळतं-संपतं तेवढं जहाज वर येतं. दिवसाला सगळं मिळून 40 टन धरा, 10 दिवसांचे 400 टन. टीपीसी 57 असेल तर 7 सेंटीमीटर. म्हणजे निघताना एसच्या वर फक्त 7 सेंटीमीटर भरता येईल, 26.7 नाही. टीपर्यंत भरलेलं जहाज दहा अंश ओलांडताना कायद्याने ओव्हरलोड ठरेल. मालाचे अकराशेहून जास्त टन या एका तारखेने कमी होतात आणि जहाज भाड्याने घेणाऱ्या चार्टररचा माणूस फोनवर चीफचं डोकं खातो, त्याचं कारण हे.

उलट एक सवलतही आहे. नदीतल्या बंदरातून निघत असाल तर समुद्रापर्यंत जाताना जळणाऱ्या तेलाइतकं वजन जास्तीचं चालतं. छोटा आकडा असतो, पण मिळतो तो घ्यावा.

8. फ्रीबोर्ड उसना असतो

हे मला फार उशिरा समजलं. सर्टिफिकेटवरचा फ्रीबोर्ड अटीवर दिलेला असतो: डेकवरून पाणी आत शिरणार नाही ही अट. हॅच कोमिंग, म्हणजे होल्डच्या तोंडाभोवतीचा उभा काठ, डेकच्या उघड्या पुढच्या भागात किमान 600 मिलिमीटर उंच, व्हेंटिलेटरचं कोमिंग 900, फ्रीबोर्ड डेकवरचा एअर पाइप 760. दारांचे रबर, हॅचची पॅकिंग, एअर पाइपच्या डोक्यावरचे फ्लोट, कठड्यातल्या पाणी निघून जायच्या झडपा, यांतलं काही बिघडलेलं असेल तर रेघ कितीही कोरडी असली तरी जहाज त्या सर्टिफिकेटला पात्र नाही. सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं, पण दरवर्षी ठरलेल्या तारखेच्या मागेपुढे तीन महिन्यांत सर्व्हे होतो आणि सर्व्हेअर रेघेपेक्षा या झडपांकडेच जास्त वेळ बघतो.

सप्टेंबर 1980 मध्ये डर्बीशायर हे प्रचंड ब्रिटिश जहाज जपानजवळ टायफूनमध्ये 44 माणसांसह बुडालं. पुढे चौकशीत निघालं ते असं: नाळेकडचे व्हेंटिलेटर आणि एअर पाइप तुटले, तिथून पाणी भरत गेलं, नाळ खाली झाली आणि मग लाटांच्या माऱ्याखाली पुढचं हॅच कव्हर कोसळलं.

म्हणून हेवी वेदरचा इशारा आला की बोसनबरोबर पुढे फोरपीकपर्यंत, म्हणजे नाळेच्या टोकापर्यंत, एकदा स्वतः जाऊन या. प्रत्येक एअर पाइपवर हात ठेवा, प्रत्येक दाराची कडी ओढून बघा. एकदा मला स्टोअरच्या दाराची एक कडी काथ्याने बांधलेली सापडली होती. वरून छान रंगवलेली.

सरावासाठी

जहाज मिळायला वेळ असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडा. वाटेत मुंबई हार्बरमध्ये नांगरलेली जहाजं दिसतात. दुर्बीण न्या, वर्तुळ शोधा, नाळ कुठल्या हाताला ते ठरवा, मग शिडीतली कुठली रेघ पाण्याला टेकलीय ते वहीत लिहा. रिकामं जहाज असेल तर सगळी शिडी उंच हवेत दिसेल, निवांत वाचता येईल. बंदराच्या आवारात मात्र परवानगीशिवाय फोटो काढू नका.

ओरलला जाणाऱ्यांनी चित्र दोन्ही बाजूंचं काढायचा सराव करावा. स्टारबोर्डचं सगळ्यांना येतं.